वीज कुठली, जप कोणाचा

नामजपाची डबी म्हणजे तळहातावर मावणारे प्लास्टिकचे यंत्र. आत एक चिप, चिपमध्ये ध्वनिमुद्रित केलेला मंत्र, एक लहानसा स्पीकर आणि पुन्हा पुन्हा चार्ज होणारा लिथियम सेल. बटण दाबले की मंत्र सुरू होतो आणि कोणी थांबवीपर्यंत तोच फिरून फिरून ऐकू येतो. नाशिकच्या पंचवटीत, रामकुंडाच्या आसपासच्या पूजासाहित्याच्या दुकानांत ती समया, जपमाळा आणि गंगाजळीच्या तांब्यांशेजारी मांडलेली असते. कोणी रामनामाची नेतो, कोणी गायत्री मंत्राची, कोणी ‘श्री स्वामी समर्थ’ची. वर्ष-दोन वर्षे देवघरात राहिलेली डबी लगेच ओळखू येते. बटणावर कुंकवाच्या बोटाचा ठसा मुरलेला असतो, स्पीकरच्या भोकांवर निरांजनाच्या काजळीचा चिकट थर बसलेला असतो आणि पुष्कळदा मागचे झाकण एका कडेला उचललेले असते. ते उचललेले झाकण म्हणजे आतला सेल फुगल्याची खूण.

सेल फुगला की तो बदलायचा, की काढूनच टाकून डबी कायमची घरातल्या विजेवर चालवायची? दुरुस्तीपुरते पाहिले तर हे अर्ध्या तासाचे काम आहे. पण डबी देवघरातली असल्यामुळे त्याला आणखी काही प्रश्न चिकटतात आणि ते घरोघरी खऱ्या काळजीने विचारले जातात. वीज बदलली तर जप तोच राहतो का? मध्येच वीज गेली तर अखंड जप मोडला म्हणायचे का? आणि घरातली सगळी माणसे झोपलेली असताना डबीने म्हटलेले नाम कोणाच्या खात्यावर जमा होते? या प्रश्नांवर जुन्या शास्त्रकारांनी, डबी जन्माला येण्याच्या कितीतरी शतके आधी, बारकाईने विचार करून ठेवला आहे. तो विचार समजायला आधी डबी उघडून पाहावी लागते.

लिथियम सेलचा नेहमीचा दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भरलेला असताना ४.२ व्होल्ट. मोबाईलच्या साध्या चार्जरमधून येतात ५ व्होल्ट. डबी दिवसरात्र चार्जरला लावून ठेवली की सेल सतत काठोकाठ भरलेला राहतो. शेजारी समईची ऊब असते, खालच्या फळीत हवा खेळत नाही. अशा अवस्थेत सेल लवकर म्हातारा होतो, आत वायू धरतो आणि फुगतो. फुगलेला सेल टोचू नये, दाबू नये, पुन्हा चार्ज करू नये; तो पेट घेऊ शकतो, आणि देवघरात लाकूड, कापूस, तेल अशी जळण्याजोगी सगळी सामग्री हाताशी असते.

सेल काढल्यावर पुष्कळ जण डबी तशीच चार्जिंगच्या पिनेला लावून पाहतात. मंत्र सुरू होतो, पण अडखळतो. अर्धे नाम म्हणून थांबतो, पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू होतो. याचे कारण असे की चार्जिंगचा भाग सेल भरण्यासाठी बनवलेला असतो. सेल जागेवर नसला की तो क्षणाक्षणाला चालू-बंद होतो. म्हणून बाहेरची वीज चार्जिंगच्या पिनेतून न देता, ज्या दोन बिंदूंना सेलच्या तारा जोडलेल्या होत्या तिथे द्यावी लागते. तिथे थेट ५ व्होल्ट देणे बऱ्याच चिपना सोसत नाही. साधा उपाय म्हणजे धन तारेत एकापुढे एक दोन सिलिकॉन डायोड जोडणे. प्रत्येक डायोड सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्ट खातो आणि पलीकडे ३.७ व्होल्टच्या आसपास दाब उरतो, म्हणजे सेल देत होता तेवढाच. डायोडवरच्या पांढऱ्या पट्टीची बाजू डबीकडे ठेवायची, नाहीतर वीज पुढे जातच नाही. त्यानंतर धन आणि ऋण तारांमध्ये ४७० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर लावला की स्वस्त अॅडॉप्टरची घरघर कमी होते आणि जोराच्या अक्षराला आवाज दबत नाही. तार डबीत शिरते तिथे आतल्या बाजूने एक गाठ मारायची, म्हणजे झाडताना हिसका बसला तरी तो सोल्डरपर्यंत पोचत नाही. फुगलेला सेल स्वतः काढण्याची सवय नसेल तर एवढे काम मोबाईल दुरुस्तीच्या कोणत्याही गाळ्यात होते.

आता हिशेब पाहावा. डबी अर्ध्या वॅटची आहे असे धरू. १२०० मिलीअँपिअर-तासाच्या सेलवर ती जेमतेम नऊ तास चालते, म्हणजे संध्याकाळी दिवेलागणीला लावली तर पहाटे काकडआरतीच्या आधी बंद पडते. भिंतीतल्या विजेवर ती महिनाभर चोवीस तास चालली तरी अॅडॉप्टरमधली गळती धरून एक युनिटही जळत नाही. बदल्यात एक गोष्ट हातची जाते. वीज गेली की डबी त्याच क्षणी मुकी होते, आणि ज्या डब्यांना दाबायचे बटण असते त्या वीज परत आल्यावर आपणहून सुरू होत नाहीत. कोणीतरी उठून बटण दाबावे लागते.

पहिला प्रश्न इथेच सुटतो. वीज बदलल्याने जप बदलत नाही, कारण वीज ही जपाची सामग्रीसुद्धा नव्हे, सामग्री चालवणारी शक्ती आहे. नंदादीपात काल घाण्याचे तिळाचे तेल होते आणि आज डब्यातले आले, म्हणून दिवा दुसरा झाला असे कोणी म्हणत नाही. दिव्याच्या ज्योतीचे उदाहरण भारतीय तर्कशास्त्रात फार जुने आहे. ज्योत तीच दिसते, पण दर क्षणी नवे तेल जळून नवी ज्योत उभी राहते. ‘तीच ज्योत’ हे आपले ओळखणे साम्यावर बेतलेले असते. बौद्धांनी हा दृष्टान्त सर्वच वस्तूंना लावला, तर नैयायिकांनी ज्योतीपुरता मानून आत्म्याला लावायचे नाकारले. तो वाद मोठा आहे. डबीपुरते एवढे पुरते की अखंडपणा वस्तूत साठवलेला नसतो. सेलमध्येही तो नव्हता.

मग अखंडपणा राहतो कुठे? त्याचे सर्वांत स्पष्ट उत्तर महाराष्ट्रातल्या गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात मिळते. सात दिवस म्हणजे १६८ तास वीणा खाली ठेवायची नाही असा तिथे दंडक असतो. एक माणूस १६८ तास उभा राहू शकत नाही. म्हणून पहारे लागतात. एका विणेकऱ्याच्या गळ्यातून वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते, मध्यरात्री तीन वाजता कोणी शेतकरी डोळे चोळत येतो आणि आपली पाळी घेतो. शक्तीचा उगम दर पहाऱ्याला बदलतो, तरीही सप्ताह अखंडच राहतो. तो अखंड ठेवतो गावाने घेतलेला संकल्प आणि पाळी चुकू न देण्याची काळजी. या कसोटीवर सेलवरची डबी आणि तारेवरची डबी यांत फरक नाही. घरातल्या कोणाचाच संकल्प नसेल तर दोन्ही डब्यांत अखंड असे काही नसते. संकल्प असेल तर वीज दहा मिनिटे गेल्याने तो मोडत नाही.

उरलेला तिसरा प्रश्न अवघड आहे, आणि तो असाही विचारता येतो: डबी माणसाच्या जागी उभी राहू शकते का? यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या पूर्वमीमांसा या शास्त्रात यासाठी ‘प्रतिनिधी’ नावाचा विचार आहे. जैमिनीच्या सूत्रांतल्या सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात तो सविस्तर येतो. यज्ञाला सांगितलेली वस्तू मिळाली नाही तर तिच्या जागी तिच्यासारखी दुसरी घ्यावी का, हा तिथला मुद्दा. साळीचा तांदूळ नसेल तर रानातला नीवार, म्हणजे देवभात, चालतो. सोमवल्ली नसेल तर पूतीका ही वनस्पती. द्रव्याच्या बाबतीत शास्त्र उदार आहे, विशेषतः नित्यकर्मात. नित्यकर्म जसे जमेल तसे करायचे, पण सोडायचे नाही. काम्यकर्माचे तसे नाही. फळाची इच्छा धरून करायचे कर्म सर्व अंगांनी पुरे करता येत असेल तरच हाती घ्यावे.

पण ही उदारता काही ठिकाणी थांबते. देवता, अग्नी, मंत्र आणि प्रत्यक्ष क्रिया यांना प्रतिनिधी नाही असा तिथला निर्णय आहे, आणि त्यांच्यापुढे पाचवे नाव आहे कर्म करणाऱ्या यजमानाचे. फळ ज्याला मिळायचे त्याच्या जागी दुसरा उभा करता येत नाही. आंघोळ एकाने करावी आणि स्वच्छ दुसऱ्याने व्हावे, असे होत नाही.

या यादीत डबी ठेवून पाहिली की गुंता उकलतो. सेल, तार, डायोड, स्पीकर ही सगळी द्रव्याच्या बाजूची. त्यांना हवे तितके प्रतिनिधी मिळतील. मंत्र बदललेला नाही. मीमांसक शब्दाला नित्य मानतात. घशातून निघणारा ध्वनी त्याला फक्त प्रकट करतो. तोच शब्द स्पीकरच्या पडद्याने प्रकट केला तर ऐकणाऱ्याच्या कानी मंत्रच पडतो, दुसरे काही नाही. अडचण उरलेल्या दोहोंत आहे: क्रिया आणि यजमान. जप करणे ही क्रिया आहे आणि ती करणारा कोणी असावा लागतो. तिथे डबीला जागा नाही.

जैमिनीच्या याच पादात एक अपवाद येतो आणि तो इथे फार उपयोगी आहे. सत्र नावाच्या दीर्घ यज्ञात अनेक यजमान एकत्र बसतात. मध्येच त्यांतला एक गेला तर सत्र मोडू नये म्हणून त्याच्या जागी दुसरा आणून संख्या पुरी करता येते. पण हा आणलेला माणूस यजमान होत नाही. तो कामकऱ्यासारखा असतो. त्याच्यामुळे कर्म पुरे होते, फळात त्याचा वाटा नसतो. डबीला देता येण्याजोगी जास्तीत जास्त पदवी हीच. ती मोजणी पुरी करील, सूर धरून ठेवील. वाटेकरी होणार नाही आणि दुसऱ्याला वाटेकरी करू शकणार नाही. अर्थात मीमांसेचे हे नियम श्रौत यज्ञांसाठी आहेत. नामजपाला ते लावणे हा सादृश्याने काढलेला निष्कर्ष आहे. भक्तिपरंपरेने नामाला काळवेळेची आणि साहित्याची बंधने घातलीच नाहीत. पण जिने बंधने काढली त्या परंपरेनेही नाम घेणारा माणूस मात्र काढलेला नाही.

मोजणीचा विषय नाशिकमध्ये काढला की टाकळीचे नाव येतेच. नाशिकजवळच्या टाकळीला, गोदावरी आणि नंदिनीच्या संगमावर, समर्थ रामदासांनी बारा वर्षे राहून त्रयोदशाक्षरी राममंत्राचा तेरा कोटी जप केला अशी परंपरा आहे. तिथला गोमय मारुती त्यांनीच स्थापला असे सांगतात. तेरा कोटीला बारा वर्षांच्या दिवसांनी भागले तर रोजचा जप सुमारे २९ हजार ६६० येतो. आता डबी पाहावी. एका आवर्तनाला तीन सेकंद धरले तर तासाला १,२०० आणि दिवसाला २८,८०० आवर्तने होतात. बाहेरची वीज एकदाही न जाता मिळत राहिली तर तेरा कोटींची संख्या गाठायला तिला बारा वर्षे चार महिने लागतील. म्हणजे समर्थांच्या पुरश्चरणाची संख्या अर्ध्या वॅटचे यंत्र जवळजवळ तेवढ्याच काळात पुरी करते. तेव्हा संख्येत जे होते ते यंत्राला जमले. बारा वर्षांच्या अखेरीस टाकळीहून एक माणूस निघाला, त्याने देशभर तीर्थाटन केले आणि पुढे ‘दासबोध’ सांगितला. डबी तेरा कोटी आवर्तनांनंतरही पहिल्या दिवशी होती तशीच असते, फार तर स्पीकरचा कागद थोडा सैल झालेला असतो. जपाची संख्या ही जप करणाऱ्यात होणाऱ्या बदलाची मोजपट्टी होती. मनुस्मृतीत जपाचा क्रम याच दिशेने लावलेला दिसतो. विधियज्ञाहून जपयज्ञ दहापट श्रेष्ठ, ओठांतल्या ओठांत केलेला उपांशु जप शंभरपट, आणि मनातल्या मनात केलेला मानस जप हजारपट. आवाज जसा कमी होतो तशी श्रेष्ठता वाढते. डबीजवळ असतो तो फक्त आवाज.

याच्या उलट बाजूलाही एक मोठी परंपरा उभी आहे आणि तिला बाजूला सारून चालणार नाही. तिबेटी बौद्धांच्या मणिचक्रात मंत्र हजारो वेळा छापलेले कागद गुंडाळून भरलेले असतात. चक्र एकदा फिरवले की ते सगळे मंत्र म्हटल्याचे पुण्य मानतात. ही चक्रे हाताने फिरतात, वाऱ्याने फिरतात, ओढ्याच्या पाण्यावर फिरतात, आणि आता सौरऊर्जेवर फिरणारीही मिळतात. म्हणजे बाहेरच्या शक्तीवर चालणारा जप तिथे शतकानुशतके मान्य आहे. पण त्यामागची धारणा वेगळी आहे. ओढ्यावरचे चक्र बांधणारा पुण्य आपल्या खात्यात ओढत नाही. त्या पाण्याला, त्या वाऱ्याला आणि त्यांच्या संपर्कात येणाऱ्या प्राणिमात्राला मंत्राचा स्पर्श व्हावा अशी ती प्रार्थना असते. चक्र हाताने फिरवणाऱ्यानेही मन मंत्रावर ठेवावे अशीच शिकवण आहे. देवघरातली डबी पुष्कळदा नेमक्या उलट अपेक्षेने लावली जाते: आपले मन दुसरीकडे असले तरी जप आपल्या नावे होत राहावा. मणिचक्राचा आधार या अपेक्षेला मिळत नाही.

मग डबी निरुपयोगी ठरते का? तसे मुळीच नाही, आणि इथेच तिची खरी जागा सापडते. नवविधा भक्तीत पहिली भक्ती श्रवण, दुसरी कीर्तन, तिसरी नामस्मरण. ‘दासबोधा’च्या चौथ्या दशकात याच क्रमाने एकेक समास आहे. डबी कीर्तन करीत नाही, स्मरण करीत नाही. पण श्रवण घडवते. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात अंथरुणाला खिळलेली एखादी आजी डोळ्यांना दिसेनासे झाल्यामुळे पोथी वाचू शकत नाही, बोटे आखडल्यामुळे माळ ओढू शकत नाही. तिच्या उशाशी ठेवलेली डबी हे तिच्या जपाचे साहित्य आहे. ती डबीबरोबर ओठ हलवते. डोळा लागला की ओठ थांबतात, आणि डबी बंद पडली की शांततेनेच तिला जाग येते. नऊ तासांनी संपणारा सेल इथे खरोखर अडचणीचा असतो. तार लावून देणाऱ्याने तिची सेवा केलेली असते. आणि रात्री वीज जाऊन आली की शेजारच्या खोलीतून जो कोणी उठून बटण दाबायला येतो, त्याची ती पाच पावले सप्ताहातल्या तीनच्या पहाऱ्याइतकीच खरी आहेत.

हाच न्याय गायकांच्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याला लावून पाहता येतो. त्या पेटीवर असा आक्षेप कोणी घेत नाही, कारण ती सूर धरते आणि गाणारा गातो. पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी आयुष्याच्या उत्तरकाळात नाशिकला रामनाम आधार आश्रम उभारला आणि रामनामाच्या गायनाला वाहून घेतले. त्यांच्या मागचा तंबोरा लाकडाचा होता की विजेवरचा, याने त्या गायनाच्या स्वरूपात फरक पडला नसता. तंबोरा एकटाच वाजत राहिला असता आणि गाणारे उठून गेले असते तर मात्र पडला असता. नामजपाच्या डबीला तंबोऱ्याची जागा दिली तर तिच्याकडून मागण्याजोगे सगळे मिळते. आरतीला ढोल-घंटा वाजवणारे विजेचे यंत्र अनेक देवळांत आले आहे, त्यालाही हेच लागू पडते. टाळ्या वाजवणारे हात देवळात असतील तर यंत्र साथीला आहे; नसतील तर गाभाऱ्यात नुसती मोटार फिरते आहे.

विजेबद्दल आणखी एक विचार नोंदवायला हवा, कारण नाशिकच्या जैन समाजात तो जिवंत आहे. जैन दर्शनात अग्नी हाही जीवांचा एक प्रकार आहे: तेजस्काय. वीज अग्नीतच मोडते असे मानणाऱ्या परंपरांत साधू-साध्वी दिवा, पंखा किंवा ध्वनिवर्धक वापरत नाहीत. उलट वीज अचित्त, म्हणजे निर्जीव आहे, असा पक्ष तेरापंथाचे आचार्य महाप्रज्ञ यांनी मांडला. या वादात सेल की तार हा प्रश्न गौण ठरतो. प्रश्न शक्तीच्या वापराचाच होतो. गृहस्थाला ही बंधने नाहीत, पण भिंतीतली वीज कुठून तरी, काहीतरी जाळून येते याची जाणीव त्यातून होते. गोदाकाठी एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र आहे; तिथे विजेसाठी कोळसा जळतो. रिकाम्या घरात चोवीस तास चालणारी डबी थोडी का होईना ती राख वाढवते. अर्धा वॅट नगण्य आहे, हे खरे. ऐकणारे कोणी नसेल तर तेवढाही कशाला खर्चावा, हे ज्याने त्याने घराला कुलूप लावताना ठरवायचे असते.

शेवटी काढलेला सेल उरतो. देवाच्या नावाची वस्तू केरात टाकायला हात धजत नाही, म्हणून जुन्या तसबिरींबरोबर अशा डब्या आणि सेल पिंपळाच्या पाराशी ठेवलेले दिसतात, कधी निर्माल्याच्या पिशवीतून गोदावरीत जातात. मूर्तीचे विसर्जन होते, कारण तिच्यात आवाहन केलेले असते. डबीची प्राणप्रतिष्ठा कोणी करत नाही. ती पूजेचे साधन आहे, माळ ठेवायच्या गोमुखीसारखी. तिला विसर्जनाची गरज नाही आणि सेलला तर नाहीच. त्यातली रसायने आणि धातू पाण्याला विषारी आहेत. वापरलेले सेल गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून, तो वेगळ्या पिशवीत घालून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा. डबी पुसून, काजळी काढून, पुन्हा आपल्या जागी ठेवावी.